गरम झालं की घट्ट होणारं जेल

मराठी विभागासाठी लेख दे, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं. पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरात बोलण्यापुरतं. 'व्हिस्कॉसिटी'ला मराठीत श्यानता म्हणतात, हे मला या लेखासाठी पुस्तक उघडल्यावर कळलं. मॅडम म्हणाल्या, "सेमिनारचा विषय तुझ्या आजीला जसा सांगशील, तसा लिही." आजी पारगावला असते, आणि गंमत म्हणजे हा विषय सुरूच पारगावात झाला. म्हणून तिथूनच सांगते.

काहिलीपाशी

पारगाव म्हणजे आंबेगाव तालुक्यातलं, घोड नदीकाठचं. भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे तेच. हे माझं आजोळ. चहूकडे ऊस. सगळा ऊस कारखान्यालाच जातो असं नाही, थोडा गुऱ्हाळावरही जातो. लहानपणी सुट्टीत गेलं की मामा आम्हाला गुऱ्हाळावर न्यायचा. चुलवाणात चिपाडं धगधगत असायची, वर मोठी काहील, आणि रस आटताना सुटणारा तो वास! रस स्वच्छ व्हावा म्हणून त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. तो चिकटपणा म्हणजे पाणी धरून ठेवणारे लांबच लांब रेणू, म्हणजेच पॉलिमर, हे मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं. गुळव्याला ते पिढ्यानपिढ्या हातानं माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी गूळ वाफ्यात ओतायला काहील कलंडवताना माझ्या मामेभावाच्या, दादाच्या, हातावर गरम पाक उडाला. कोपरापासून मनगटापर्यंत. गूळ तयार होताना पाकाचं तापमान ११६ ते ११८ अंशांपर्यंत जातं. म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षा जास्त, शिवाय पाणी ओघळून जातं आणि पाक चिकटून बसतो. कुणीतरी धावत जाऊन टूथपेस्ट आणली आणि लावली. (इथेच सांगून टाकते. भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, हळद काहीही लावायचं नाही. वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं हात धरायचा आणि मग दवाखाना.)

पुढचे तीन आठवडे दिवसाआड ड्रेसिंग. मी तेव्हा सुट्टीत तिथेच होते. जखमेला गॉज चिकटलेलं असायचं आणि ते काढताना खालची नवी कातडीही ओढली जायची. दादा उसाच्या मोळ्या उचलणारा माणूस. तो माझा हात इतका घट्ट धरायचा की माझ्या बोटांवर वळ उठायचे. जखमेपेक्षा ड्रेसिंगचीच भीती, असं तो म्हणायचा. न चिकटणाऱ्या पट्ट्या मिळतात, पण त्या महाग, आणि आम्हाला तेव्हा त्या माहीतही नव्हत्या.

तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारसाठी सरांनी विषयांची यादी लावली. त्यात 'तापमानाला प्रतिसाद देणारे हायड्रोजेल आणि त्यांचे प्रवाही गुणधर्म' असा एक विषय होता. कुणी घेत नव्हतं. मी त्यावर एक परिच्छेद वाचला. थंड असताना पाण्यासारखं ओतता येतं, अंगावर गरम होऊन घट्ट बसतं, आणि गार पाणी टाकलं की पुन्हा पातळ होऊन निघून जातं. मला दादाचा हात आठवला. विषय घेतला.

आधी थोडी उजळणी

हायड्रोजेल म्हणजे पॉलिमरचं जाळं आणि त्यात धरून ठेवलेलं भरपूर पाणी. सब्जाचं बी भिजवल्यावर त्याभोवती येणारा बुळबुळीत थर आठवा. आपल्यातल्या निम्म्या जणांच्या डोळ्यातल्या सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सही हायड्रोजेलच. त्या ओटो विख्टरले या चेक शास्त्रज्ञाने १९६१ च्या ख्रिसमसमध्ये घरी, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचं यंत्र करून त्यावर ओतल्या होत्या. ज्यांच्या मिनी प्रोजेक्टला बजेट नाही त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता प्रवाह. पाणी किंवा तेल न्यूटनचं ऐकतं. दुप्पट जोर लावला तर दुप्पट वेगाने सरकतं, श्यानता तीच राहते. पण बरेच पदार्थ ऐकत नाहीत. मेसमधलं सॉस बाटली उलटी करून येत नाही, हलवलं की भसकन येतं. जोराने सरकवलं की पातळ होण्याच्या या स्वभावाला आपण शिअर थिनिंग म्हणतो. टूथपेस्ट ब्रशवर टेकडीसारखी बसून राहते, कारण ठराविक जोर लागेपर्यंत ती हलतच नाही. तो जोर म्हणजे यील्ड स्ट्रेस. भेळेच्या चटणीपासून रक्तापर्यंत बरंच काही याच जातीचं आहे.

आणि तापमान? तापवलं की द्रव पातळ होतो हे सगळ्यांना माहीत आहे. जानेवारीत पारगावला काकवीची बरणी उपडी केली तरी काकवी हलत नाही, आजी ती चुलीशेजारी ठेवते. जेलीही गार झाल्यावर बसते. पण मी ज्याबद्दल लिहिते आहे ते जेल नेमकं उलटं वागतं. गार असताना सरबत, गरम झालं की जेली!

हा उलटा स्वभाव कशामुळे?

आम्ही वापरला तो पॉलिमर म्हणजे पोलोक्झामर ४०७. त्याच्या रेणूचे तीन तुकडे असतात. दोन्ही टोकांना पाणी आवडणारे आणि मध्ये पाणी न आवडणारा. थंडीत मधल्या तुकड्याभोवती पाण्याचे रेणू शिस्तीत रचून बसतात. हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर डिसेंबरात प्रत्येक जण आपापली गोधडी गुंडाळून आपापल्या कॉटवर! तापमान वाढलं की गोधडी नकोशी होते. ती फेकली जाते आणि सगळे गच्चीवर कोंडाळं करून बसतात. तसेच पाणी न आवडणारे तुकडे पाण्याची गोधडी टाकून एकमेकांजवळ येतात, आणि त्यांचे छोटे गोळे होतात. त्यांना मायसेल म्हणतात.

थर्मोडायनॅमिक्समध्ये आपण घोकतो ना, की मुक्त ऊर्जा म्हणजे एन्थाल्पी वजा तापमान गुणिले एन्ट्रॉपी? इथे शिस्तीत बसलेलं पाणी मोकळं होतं म्हणून एन्ट्रॉपी वाढते, आणि तापमान जितकं जास्त तितका त्या पदाचा जोर जास्त. म्हणून तापवल्यावर एकत्र येणं परवडतं. व्हायवाला हे एवढं सांगितलं तरी चालतं.

पण नुसते गोळे झाले म्हणून जेल होत नाही. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमध्ये बघा. क्रेटमध्ये चारच टोमॅटो असले तर ते गडगडतात. क्रेट गच्च भरला की तिरका केला तरी एकही हलत नाही. तसंच पोलोक्झामर साधारण १५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मायसेल होतात, पण पाणी वाहतच राहतं. १८ ते २० टक्के असेल तर ते खच्चून बसतात आणि द्रावण उभं राहतं. यात कुठलाही रासायनिक बंध तयार होत नाही, म्हणून गार केलं की पुन्हा जैसे थे. अंडं उकडलं की परत कच्चं होत नाही, हे होतं.

दुसरा प्रसिद्ध पॉलिमर म्हणजे पॉली-एन-आयसोप्रोपिल-ॲक्रिलामाइड. त्याचा बदल ३२ अंशांच्या आसपास होतो. जपानमध्ये तेरुओ ओकानो यांनी त्याचा पातळ थर दिलेल्या बशीत पेशी वाढवल्या. ३७ अंशांना पेशी चिकटून वाढतात. बशी २० अंशांपर्यंत गार केली की थर पाणी शोषतो आणि पेशींची अख्खी चादर न फाटता सुटून येते. हे वाचलं तेव्हा मला पुन्हा ते गॉज आठवलं.

आमचा फजितीचा प्रयोग

फार्मसीच्या एका मैत्रिणीने थोडी पावडर दिली. मी आणि माझी पार्टनर, दोघी हुशार! लवकर विरघळावी म्हणून आम्ही पाणी तापवलं आणि पावडर ओतली. झाले गोळे. ढवळलं तर आणखी गोळे, काचकांडी त्यात उभी राहिली. लॅब असिस्टंट काका म्हणाले, "अहो मॅडम, ही काय खळ शिजवताय का?" मग डोक्यात प्रकाश पडला. ज्याला थंडीच आवडते त्याला तापवून कसं चालेल? पुढच्या वेळी बर्फात ठेवलेल्या पाण्यात थोडी थोडी पावडर टाकली आणि बीकर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी स्वच्छ, पारदर्शक द्रावण.

आपल्याकडे ऱ्हिओमीटर नाही. म्हणून टेस्ट ट्यूब कलंडवायची जुनी पद्धत वापरली. ट्यूब पाण्याच्या बाथमध्ये ठेवायची, एकेक अंश वाढवायचा, प्रत्येक अंशाला पाच मिनिटं थांबायचं, मग ट्यूब आडवी करायची. तीस सेकंदात काही वाहिलं नाही तर ते जेल. आमचं १८ टक्क्यांचं द्रावण २७ अंशांना थांबलं, २० टक्क्यांचं २३ ला. मीठ घातलं की आणखी खाली आलं, कारण मीठ पाण्याला स्वतःकडे ओढतं आणि गोधडी लवकर निघते. तीनदा केलं, एखाद्या अंशाचा फरक पडला. स्वस्तातला प्रयोग आहे, ज्युनिअर्सनी करून बघावा.

सुईतून जाताना

वैद्यकीय कामात हे जेल पुष्कळदा सिरिंजमधून द्यायचं असतं. इथे आपलं फ्लुइड मेकॅनिक्स कामाला येतं. समजा ५ मिलीची सिरिंज आहे, नळीचा व्यास १२ मिलिमीटर. सुई ४ सेंटिमीटर लांब, आतला व्यास अर्धा मिलिमीटर. एक मिली द्रावण दहा सेकंदात द्यायचं. थंड द्रावणाची श्यानता पाण्याच्या पन्नास पट धरू, म्हणजे ०.०५ पास्कल-सेकंद. हेगन-पॉइझॉयचं सूत्र लावलं तर दाब येतो साधारण १.३ लाख पास्कल आणि अंगठ्यावर जोर दीड किलोचा. नर्स सहज देऊ शकेल.

आता श्यानता मधासारखी, १० पास्कल-सेकंद धरा. दोनशे पट, म्हणजे तीनशे किलो! कुणाचा अंगठा तेवढा जोर लावणार? आणि सुईची त्रिज्या निम्मी केली तर दाब सोळा पट, कारण सूत्रात त्रिज्येचा चौथा घात आहे. म्हणून थंड असताना पातळ राहणं ही चैन नाही, गरज आहे.

पण त्यातही एक मेख आहे. सुई शरीरात गेली की ती गरम होते. डॉक्टर थोडे थांबले तर द्रावण सुईतच बसतं आणि सगळं अडतं. तयार जेलही शिअर थिनिंग असल्यामुळे जोर लावला तर सरकतं, कारण सुईच्या भिंतीपाशी शिअर रेट सेकंदाला आठ हजारांच्या घरात असतो. पण त्याला आधी यील्ड स्ट्रेस ओलांडावा लागतो. म्हणून नुसतं 'किती अंशांना जेल होतं' हे पुरत नाही. किती सेकंदात होतं, तेही मोजावं लागतं.

घट्ट म्हणजे किती घट्ट?

ऱ्हिओमीटर नमुन्याला हलकेच इकडे-तिकडे पिळतो आणि दोन आकडे देतो. एक स्प्रिंगसारख्या वागण्याचा, जी-प्राइम. दुसरा द्रवासारख्या वागण्याचा, जी-डबल-प्राइम. थंड द्रावणात दुसरा मोठा असतो. तापवत गेलं की पहिला झपाट्याने चढतो आणि दोन रेषा एकमेकींना छेदतात. तिथे जेल झालं असं ढोबळमानाने समजतात. ढोबळमानाने अशासाठी, की छेद कुठे येतो हे आपण किती वेगाने पिळतो यावरही अवलंबून असतं. विंटर आणि शॅम्बॉन यांनी १९८६ मध्ये रासायनिक बंधांनी जुळणाऱ्या जेलवर काम करून नेमकी कसोटी दिली. दोन आकड्यांचं गुणोत्तर ज्या क्षणी कुठल्याही वेगाला सारखंच येतं, तो जेल-बिंदू. बसलेल्या पोलोक्झामरचा जी-प्राइम हजारो पास्कलपर्यंत जातो. हातावर थापलं तर ओघळणार नाही इतका, पण बोटाने सहज पुसता येईल इतकाच.

पाषाणची गोष्ट

हे सगळं परदेशातच चालतं असं मला वाटायचं. पण आपल्या पुण्यात, पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत म्हणजे एनसीएलमध्ये यावर वर्षानुवर्षं काम झालं आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर १९८९ ते १९९५ तिथे संचालक होते. त्यांचा मूळ विषयच पॉलिमरचं वाहणं. त्यांनी आणि डॉ. मनोहर बडिगेर, डॉ. आशिष लेले यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. जेलच्या रेणूत पाणी नावडणारे गट आणि हायड्रोजन बंध करणारे गट यांचं प्रमाण बदललं, की बदलाचं तापमान कसं सरकतं, हा त्याचा विषय. म्हणजे हवं ते तापमान रेणूतच शिवून घ्यायचं, शिंप्याकडे माप द्यावं तसं! डॉ. लेले यांना २०१२ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला, त्यात या 'शहाण्या' जेलच्या कामाचा उल्लेख होता. २०२१ मध्ये तेही एनसीएलचे संचालक झाले.

आणखी एक. माशेलकर सर मुंबईत मराठी माध्यमाच्या म्युनिसिपल शाळेत शिकले. हे वाचून, कॉन्व्हेंटमुळे आपल्याला विज्ञान जास्त कळतं हा माझा उरलासुरला भ्रमही गेला.

प्रत्यक्षात कुठे वापरतात?

अमेरिकेत २०११ मध्ये 'लेगू' नावाच्या पोलोक्झामर जेलला परवानगी मिळाली. ऑपरेशनच्या वेळी ते रक्तवाहिनीत सोडतात, तिथे ते बसून थोडा वेळ रक्त अडवतं, चिमटा लावावा लागत नाही. काम झालं की बर्फाने गार केलं की विरघळतं. २०२० मध्ये 'जेलमायटो' या औषधाला परवानगी मिळाली. मूत्रपिंडातून निघणाऱ्या मार्गाच्या एका प्रकारच्या कॅन्सरवर ते थंड असताना नळीतून आत सोडतात. आत गेल्यावर ते घट्ट होतं, औषध काही तास तिथेच राहतं आणि जेल हळूहळू लघवीबरोबर निघून जातं. नुसतं पाण्यातलं औषध काही मिनिटांत वाहून गेलं असतं. वाहायचं कधी आणि थांबायचं कधी, एवढ्यावरच सगळं अवलंबून आहे.

एक्स्टर्नलचा प्रश्न

सेमिनारच्या दिवशी मी शेवटची स्लाइड मोठ्या अभिमानाने दाखवली. भाजलेल्या जखमेसाठी न दुखणारं ड्रेसिंग, जेल होण्याचं तापमान ३५ अंश, शरीराचं ३७, म्हणून योग्य. एक्स्टर्नल सरांनी शांतपणे विचारलं, "३७ कुठलं? तोंडातलं की हातावरचं?"

मी गप्प. हाताच्या कातडीचं तापमान बहुधा ३२ ते ३४ असतं. म्हणजे माझं ३५ चं जेल दादाच्या हातावर बसलंच नसतं, ओघळून गेलं असतं. सर पुढे म्हणाले, "आणि हे खेड्यात वापरणार ना? मग मे महिन्यात आणि जानेवारीत काय होईल, सांगा."

त्या रात्री हॉस्टेलवर झोप आली नाही. मे महिन्यात पारगावला दुपारी चाळीस अंश होतात. कपाटातल्या बाटलीतच जेल तयार! जानेवारीत पहाटे नदीकाठी दहा अंशांपर्यंत उतरतं, उघडा हात गार पडतो. जेल पातळ होऊन पांघरुणावर येणार. शिवाय जखमेतून पाझरणारं पाणी जेलला पातळ करतं. १८ टक्क्यांचे १४ झाले की टोमॅटोचा क्रेट रिकामा! नुसतं पोलोक्झामर काही तासांतच विरघळून जातं, ड्रेसिंग दोन दिवस टिकायला हवं.

मी वहीत पुन्हा मांडलं. जेल साधारण २५ ते २८ अंशांना व्हायला हवं, म्हणजे कातडीवर नक्की बसेल. वर पातळ पट्टी हवी, म्हणजे पहाटेच्या गारठ्यात हात गार पडणार नाही. टिकण्यासाठी काइटोसानसारखा दुसरा पॉलिमर मिसळायला हवा, पण इतकाच की गार पाण्याने सुटण्याचा गुण जाणार नाही. आणि मे महिन्यातल्या बाटलीचं उत्तर सगळ्यात सोपं निघालं. काहीच बिघडत नाही, लावण्याआधी बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवली की पुन्हा पातळ. वीज गेली असेल तर लशीच्या थंड पेटीत. निर्जंतुक कसं करायचं, किंमत किती, माणसावर चाचणी कशी, हे सगळं अजून पुढे आहे आणि ते एका मिनी प्रोजेक्टचं काम नाही.

पुन्हा पारगाव

दिवाळीत मी दोन टेस्ट ट्यूब थर्मासमध्ये घालून पारगावला गेले. ओट्यावर सगळे जमले. एक ट्यूब दादाच्या मुठीत दिली आणि म्हटलं धरून ठेव. दोन-तीन मिनिटांनी ती उपडी केली, थेंबही पडला नाही. मग माठातल्या गार पाण्यात बुडवून ठेवली, थोड्या वेळाने पुन्हा उपडी केली, सगळं अंगणात. आजी म्हणाली, "आगं बया! हे तर काकवीच्या उलटंच हाय की!" वर्षभराचा माझा सेमिनार तिने एका वाक्यात सांगितला.

दादाने मात्र दुसरंच विचारलं. हातावरच्या डागावर बोट फिरवत म्हणाला, "हे तवा असतं तर दुखलं नसतं का गं?"

मला हो म्हणायचं होतं. पण एक्स्टर्नल सर आठवले. म्हटलं, "लावताना आणि काढताना कमी दुखलं असतं असं वाटतं, दादा. पण अजून ते तेवढं टिकत नाही. त्यावरच काम करायचंय."

"मग कर," तो म्हणाला. "गुऱ्हाळं काय बंद पडनार न्हाईत."

म्हणून फायनल इयरचा प्रोजेक्ट मी हाच घेतला आहे. तापमान, टक्केवारी आणि टिकण्याचे तास, तिन्हींचा तक्ता करायचा आहे. ज्युनिअर्सपैकी कुणाला हात लावायचा असेल तर लेडीज हॉस्टेलवर निरोप ठेवा. फक्त एक लक्षात ठेवा, पावडर गरम पाण्यात टाकायची नाही!

– तृतीय वर्ष, केमिकल